तारेवरचं गाव आणि मूठबंद

एका पिठाच्या गिरणीत एक दिवा टांगलेला होता, आणि त्या दिव्याच्या पोटात एक गाव होतं. खोटं वाटत असेल तर वाटो. गाव म्हणजे एक तार, केसाहून बारीक, वेटोळी घातलेली, दोन कड्यांच्या मध्ये अडकवलेली. वर काचेचं आभाळ, खालीही काचेचंच. पळून जायचं म्हटलं तर जायचं कुठे?

त्या तारेवर टंगस्टन नावाच्या धातूचे अणू राहायचे. अणू म्हणजे जगातली सगळ्यात बारकी मंडळी. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून नाहीतच असं समजणारी शहाणी माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी ही गोष्ट ऐकू नये.

अणूंना हात असतात. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला चार. तारेवरच्या लोकांना सहा-सहा होते. हात मोकळा राहिला की अणूला चैन पडत नाही. तो हात शिवशिवतो, काहीतरी धरायला बघतो. दोघांनी एकमेकांचे हात धरले की त्यांची गाठ पडते, आणि अशी गाठ पडलेल्या कुटुंबाला रेणू म्हणतात. साखर, तेल, पीठ, तुमचं नाक, सगळं त्या धरलेल्या हातांवर उभं आहे. हात सुटले की संपलं.

तारेवरच्यांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं, म्हणून ती तार होती. पण जे अगदी कडेला बसायचे, त्यांचा एखादा हात बाहेरच्या अंगाला मोकळा राहायचा. त्या मोकळ्या हातासाठी गावात एक रीत होती. कुणी हात पुढे केला तर नाकारायचा नाही. हात देईल तो आपला, न देईल तो वैरी. रीत कुणी घातली, ते कुणाला माहीत नव्हतं. पण पाळायचे सगळे, आणि पाटील ती पाळून घ्यायचा.

पाटील बसायचा कडीपाशी, तारेच्या टोकाला. तिथे झळ लागत नाही.

झळ लागायची ती मधोमध. तिथे तार सगळ्यात बारीक होती, आणि तिथेच धाकटी राहायची. तिच्या शेजारी तिची थोरली बहीण, थोरलीच्या पलीकडे एक तरणा गडी, त्याच्यापुढे एक तोंडाळ मावशी. गिरणीवाल्याने बटण दाबलं की धाकटीच्या अंगात कापरं भरायचं. आधी गिरणीचा पट्टा घरघरायचा, आभाळ थरथरायचं, आणि मग ती झळ यायची. पांढरी. सगळा गाव जागच्या जागी नाचायला लागायचा, हात हिसडले जायचे, आणि धाकटी डोळे मिटून म्हणायची, "थोरले, सोडू नको गं."

"सोडते होय?" थोरली म्हणायची. "सहा हात काय शोभेला आहेत?"

दिव्यात आणखी एक जमात होती. तारेच्या चहूबाजूंनी त्यांचे थवेच्या थवे भटकायचे. त्यांना हात होते आठ, पण आठही जोडीजोडीने त्यांच्याच अंगाशी एकमेकांत गुंतवलेले. बाहेर एकही नाही. ते कुणाला हात देत नसत, कुणाकडे मागत नसत, आपसांतही धरत नसत. आले की धडकायचे आणि निघून जायचे. शाळेत शिकलेले त्यांना आरगॉन वायू म्हणतात. गाव त्यांना मूठबंद म्हणायचा, आणि म्हणताना तोंड वाकडं करायचा.

"माजले आहेत," पाटील म्हणायचा. "कुणाच्या लग्नाला नाहीत, कुणाच्या मयताला नाहीत. कसली माणसं!"

अशात गावातली माणसं नाहीशी व्हायला लागली.

झळ आली की मधल्या भागातून कुणीतरी जायचं. आवाज नाही, आरडाओरड नाही. झळ ओसरली की बघावं तर शेजारची जागा रिकामी. आणि काचेच्या आभाळावर एक काळपट डाग, जो काल नव्हता. डाग वाढत चालला होता. त्याच्याकडे बघायची कुणाची छाती होत नव्हती.

एकदा तर झळेच्या हिसक्याने तो तरणा गडीच तारेवरून उडाला. सगळ्यांच्या देखत गेला. मावशीने हंबरडा फोडला. पण थोड्याच वेळात तो धाडकन परत येऊन आदळला, होता तिथेच, आणि अंगभर मार खाल्लेला.

"मूठबंदांनी मारलं!" तो धापा टाकत म्हणाला. "मी आपला तरंगत होतो, तर एकाने इकडून दणका दिला, दुसऱ्याने तिकडून. दहा जणांनी बडवलं मला. कसा वाचलो ते माझं मला ठाऊक."

झालं. गावाला गुन्हेगार सापडला. मारणारे दिसले म्हटल्यावर नेणारेही तेच असणार. कुणी विचारलं नाही की बाबा, बडवलं ते कुठल्या दिशेला बडवलं?

पाटलाने कडीपाशी बसून फर्मान काढलं. "हात न देणाऱ्यांपासून सावध राहा. आणि कुणी भला माणूस हात द्यायला आला तर सहाही हातांनी घ्या. तोच आपल्याला तारेल."

आणि भली माणसं आली.

तिघी बाया होत्या. प्रत्येकीचे दोन हात, आणि प्रत्येकीने दोन्ही बाजूंना एकेक पोर धरलेलं. पोरं इवलीशी, एकेका हाताची. बायांचे चेहरे थकलेले, बोलणं लोण्यासारखं मऊ. दिवा लागलेला होता, झळ अगदी भरात होती, तेव्हा त्या थोरलीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बाई, किती गं पोळतेय हे," पहिली म्हणाली. "आणि तू अशी मधोमध! तुला कुणी कडेला घेत नाही?"

"सवय आहे," थोरली म्हणाली. पण तिचा मोकळा हात आपोआप वर आला.

"तिकडे काचेपाशी गार आहे बघ. चल. क्षणभर बस, मग ये परत."

झळेचा एक लोळ आला आणि धाकटीने पाहिलं, त्या तिघींनी पोरं खाली सोडली. पोरं पाचोळ्यासारखी भिरभिरत गेली. सहा हात मोकळे झाले. थोरलीचेही सहाच. पहिलीने दोन धरले, दुसरीने दोन. थोरलीच्या हातातून शेजाऱ्यांचे हात एकेक करून सुटत गेले. शेवटी धाकटीचा राहिला.

"थोरले!"

"आलेच गं," थोरली म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्यासारखा झाला होता. तिसरीने तो हातही घेतला, आणि चौघी मिळून एक पिवळट धुराचा पुंजका झाल्या आणि काचेकडे निघून गेल्या.

धाकटी वाट बघत राहिली. दिवा विझला. पुन्हा लागला. आणि समोर त्याच तिघी उभ्या. कडेवर तीच पोरं. पोरांच्या तोंडावर ना धूळ, ना घाम, ना झोप.

थोरली नव्हती.

"माझी बहीण कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

"राहिली तिकडेच," पहिली म्हणाली. "गार वाटलं तिला. तुला पण न्यायचं आहे गं, पण आज त्याची पाळी." आणि त्या पलीकडे सरकल्या आणि धाकटीच्या दुसऱ्या बाजूचा शेजारी घेऊन गेल्या. त्यानेही हात पुढे केला होता. रीतच होती ना!

त्या दिव्यात भीती कशाला म्हणतात ते धाकटीला त्या क्षणी कळलं. वैरी ओरडत येतो तेव्हा एक बरं असतं, निदान पळावंसं तरी वाटतं. इथे पळावंसं वाटत नव्हतं. तिचा मोकळा हात त्या बायांकडे बघून शिवशिवत होता, आणि तो तिचाच हात होता.

एक मूठबंद जवळून चालला होता. ती कधी बोलली नव्हती त्यांच्याशी. कुणीच बोललं नव्हतं.

"अहो," तिने हाक मारली. "तिकडून माझ्या बहिणीला तुम्ही नेलंत का?"

तो थांबला. म्हणजे, त्यांना थांबता येत नाही, पण तिच्याभोवती घोटाळला.

"आम्ही कुणाला नेणार कशाने?" तो म्हणाला. "हात कुठे आहेत मोकळे? बघ की."

"मग त्या गड्याला बडवलंत ते?"

"बडवलं. म्हणून तो घरी आला."

धाकटीने गड्याकडे वळून पाहिलं.

"तारेवरून उडालेला काचेपर्यंत पोचला की संपला," मूठबंद म्हणाला. "आम्ही मध्ये आडवे येतो. दणके देतो. दहातले काही माघारी फिरतात. आम्हाला इथे भरलंय तेच त्यासाठी. शाबासकीची गरज नाही, पण शिव्या तरी कमी द्या."

"त्या बाया कोण आहेत?"

"पाणी," तो म्हणाला. "दिवा बनवताना कुणीतरी आळस केला. काच नीट शेकली नाही, आणि एवढासा ओलसर श्वास आत राहिला. प्रत्येक बाई म्हणजे ऑक्सिजन, पोरं हायड्रोजन. थंड असताना निवांत असतात, कारण हात भरलेले असतात. तुमच्या तारेची झळ लागली की पोरं सुटतात. मग मोकळ्या हातांना राहवत नाही, तुमचा माणूस धरतात. काचेपाशी पोरं धावत येऊन पुन्हा आईला बिलगतात, आणि तुमचा माणूस हातातून गळतो. गळतो तो काचेला चिकटतो. तो काळा डाग कशाचा वाटला तुला?"

धाकटीने पहिल्यांदा वर पाहिलं. डागाकडे. नीट पाहिलं. नंतर तिला पाहवेना.

"त्या वाईट आहेत का हो?"

"वाईट कशाला? मोकळ्या आहेत. म्हणून तर थांबत नाहीत. अख्खा गाव संपेपर्यंत याच तिघी पुरतील."

"मग तुम्ही अडवा की त्यांना!"

"धडकतो. रोज धडकतो. पण तुम्ही हात पुढे केल्यावर आमचं काय चालणार? धरणारे तुम्हीच." आणि तो निघून गेला. निरोप वगैरे घेण्याची त्यांच्यात पद्धत नाही.

धाकटीने गाव जागा केला. जे पाहिलं, जे ऐकलं, ते सगळं सांगितलं. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबुज पसरली, आणि उत्तर आलं ते हसण्याचं.

"मूठबंदांची सून झालीस का गं?" मावशी म्हणाली. "उद्या तू पण हात बगलेत घालून बसशील!"

"मावशी, त्या तिघी परत आल्या की हात देऊ नका. पाया पडते."

"आणि रीत?" कडीपासून पाटलाचा आवाज आला. "हात नाकारणारी या तारेवर नको. शेजाऱ्यांनो, ऐकलंत? तिने हात नाकारला तर तुम्ही तिचे हात सोडा."

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. हात दिला तर काच, नाही दिला तर आपलीच माणसं सोडणार. तार तिथे आता एवढी बारीक झाली होती की मोजके जणच एका अंगाला, मोजके दुसऱ्या अंगाला, आणि त्यांच्या हातांवर अख्खा गाव लोंबत होता.

बटण दाबलं गेलं. पट्टा घरघरला. बारीक जागेवर झळ नेहमीपेक्षा भयंकर आली, कारण जिथे तार बारीक तिथेच ती जास्त तापते. आणि त्या झळेतून त्या तिघी आल्या.

"आज तुझी पाळी गं," पहिली म्हणाली. "बहीण वाट बघतेय."

बहीण! धाकटीचा हात वर आला. अर्धा आला. तिने दात खाऊन तो खाली ओढला आणि गड्याच्या मनगटाला गच्च धरलं. "नाही," ती म्हणाली. "माझा हात मोकळा नाही."

पोरं रडायला लागली, बाया विनवायला लागल्या, मूठबंद येऊन येऊन धडकत होते. बायांनी मान वळवली आणि गड्याकडे पाहिलं.

"तू तरी भला दिसतोस," दुसरी म्हणाली.

"सोड मला," गडी धाकटीला म्हणाला. "रीत आहे."

"अरे, तुला त्यांनीच घरी आणून टाकलं होतं! मूठबंदांनी! आठव की दिशा!"

"पाटील बघतोय. सोड."

त्याने स्वतःच हात सोडवून घेतले आणि पुढे केले, सहाच्या सहा. एक पिवळट पुंजका झाला, आणि गडी गेला.

आणि तार तुटली.

मोठा आवाज झाला नाही. एक बारीकसा टणत्कार, एक निळी ठिणगी, आणि सगळीकडे काळोख. गिरणी आंधळी झाली. धाकटी तुटलेल्या टोकाला लोंबत राहिली. समोर, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर, दुसरं टोक होतं, आणि त्या टोकाला मावशी लोंबत होती. पाटील त्याच बाजूच्या कडीवर. तो काहीतरी ओरडत होता, पण कुणाला ऐकायला वेळ नव्हता.

"धाकटे," मावशी रडत म्हणाली, "मला खाली बघवत नाही गं."

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा."

"तुला मी काय काय बोलले."

"ते नंतर."

गड्याला काचेवर सोडून तिघी बाया मधल्या पोकळीत तरंगत होत्या. पोरं कडेवर, हात भरलेले, कुणाला काही करत नव्हत्या. गारठ्यात त्या साध्या गरीब बायांसारख्याच दिसत होत्या. तेच सगळ्यात भीतीदायक होतं.

तार तुटलेल्या दिव्याचं लोक काय करतात? फेकतात. पण गिरणीवाला चिकट होता. त्याने बटण तसंच चालू ठेवलं, स्टुलावर चढला, आणि दिव्याला टिचकी मारली. जुन्या दिव्याची तार अशी हलवली तर कधीकधी पुन्हा टेकते, हे त्याला माहीत होतं. बाहेर ती टिचकी होती. आत आभाळ कोसळल्यासारखं झालं.

दोन्ही टोकं गदागदा हलली. जवळ आली, लांब गेली. पुन्हा टिचकी. टोकं जवळ आली, मध्ये ठिणगी उडाली, आणि त्या एका ठिणगीच्या झळेने बायांच्या कडेवरची पोरं सुटली. सहा मोकळे हात मावशीकडे वळले.

"ये गं म्हातारे," पहिली म्हणाली. "तू तरी ये."

मावशीचे हात वर येत होते. "धाकटे, मला माझ्या हातांचा भरवसा नाही गं!"

"मला आहे," धाकटी ओरडली. "मावशे, इकडे!"

तिच्यासमोरही तेच होतं. बायांचे हात जवळ होते, मावशी लांब होती. बायांचे हात मऊ होते, मावशीने चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता. तोल गेला तर काच. धाकटीने दोन हातांनी मागच्या लोकांना धरलं, स्वतःला लांब ताणलं, आणि उरलेले चारही हात पोकळीत फेकले.

एक मूठबंद मागून येऊन मावशीवर असा आदळला की ती पुढे ढकलली गेली. मुद्दाम आदळला की सहज, ते त्यालाच माहीत. ते तसेही काही सांगत नाहीत.

हात हातात पडले. मागून दोन्ही टोकं एकमेकांवर चढली, याचा हात त्याच्यात, त्याचा याच्यात, कोण कुणाचा ते बघायला कुणी थांबलं नाही. पांढरी झळ उसळली. दिवा लागला. बाहेर गिरणीवाला खूश होऊन स्टुलावरून उतरला.

"माझ्या हाताला लागलं बाई," मावशी कण्हत म्हणाली. पण सोडला नाही.

झळेतून त्या तिघी समोर आल्या. थकलेले चेहरे, मऊ बोलणं.

"पोरी, किती गं पोळतेय."

"हो, पोळतंय," धाकटी म्हणाली. "पण हात मोकळा नाही, बाई."

"म्हातारे, तू?"

मावशीने आपला बाहेरचा हात धाकटीच्या दंडावर ठेवला आणि तिकडे पाहिलंच नाही. "नाही गं बायांनो," ती म्हणाली. "भरलेत."

तिसऱ्याने नाही म्हटलं. चौथ्याने म्हटलं. पाटलाने कडीवरून रीत, रीत म्हणून हाका मारल्या, पण मधोमध झळ कशी असते हे ज्याला माहीत नाही त्याचं मधल्यांनी का ऐकावं? बाया तिथेच घुटमळत राहिल्या, मूठबंद त्यांना धडकत राहिले, आणि शेवटी त्या लांब सरकल्या.

लांब म्हणजे काही फार लांब नाही. काचेच्या आत जागा ती किती असणार? दिवा लागला की त्या येतात, प्रत्येकाला नाव घेऊन विचारतात, आणि विचारताना पोरं रडतात. धाकटीचा हात अजूनही शिवशिवतो. ती मावशीची बोटं आणखी घट्ट धरते, आणि काचेवरच्या काळ्या डागाकडे बघते, कारण आता तिने बघायचं ठरवलं आहे.

तात्पर्य, नीट ऐकून ठेवा: गोड बोलून पुढे आलेला प्रत्येक हात धरायचा नसतो, आणि हात न देणारा प्रत्येक जण वैरी नसतो. तुमचे हात ज्यांच्या हातात आहेत त्यांना सोडायला कुणी सांगत असेल, तर आधी विचारा, तुम्हाला नेणार कुठे.